एक्केचाळीस आपली, बाकी परक्यांची

कल्पना करा, तुम्ही कामावर आलात, कॉम्प्युटर उघडलात आणि तुम्हाला स्वतःच लिहिलेली एक टीप शोधायची आहे. एकच ओळ. प्रोग्रामर लोक अशा ओळी कोडमध्ये जागोजागी लिहून ठेवतात: हे अर्धवट राहिलंय, ते नंतर बघायचंय, इथे गडबड होऊ शकते. ओळीच्या सुरुवातीला ‘टूडू’ एवढा शब्द टाकला, की ज्यात आपण कोड लिहितो तो एडिटर अशा सगळ्या ओळी गोळा करतो आणि शेजारी कामांची यादी लावून देतो. सोय झकास आहे. तुम्ही यादी उघडता. यादीत अकरा हजार चारशे बारा कामं.

तुम्ही खाली खाली जात राहता. कोणीतरी लिहिलंय, ‘सुट्टीवरून आलो की बघतो.’ कोणीतरी लिहिलंय, ‘हे का चालतं मला माहीत नाही, पण चालतंय, हात लावू नका.’ पुढे शंभर ओळी एकाच माणसाच्या, प्रत्येक ओळीत ‘वेळ मिळाल्यावर’. तुम्ही यातल्या एकालाही ओळखत नाही. ही मंडळी तुमच्या ऑफिसात नाहीत, कधी नव्हती. कारण कुठलाही प्रोग्राम कोणी सगळाच्या सगळा स्वतः लिहीत नाही. तारखा मोजणारा कोड बाहेरून घ्यायचा, छपाईचा बाहेरून घ्यायचा, वर आपलं चार भिंतींचं घर बांधायचं. त्या उसन्या कोडबरोबर त्या लोकांच्या राहून गेलेल्या कामांच्या टिपाही आपल्या घरात येतात. एडिटरला काय, आपलं-परकं कळत नाही. त्याला सांगावं लागतं. सेटिंगमध्ये एक ओळ टाकायची, की ‘बाहेरचा कोड’ या फोल्डरात बघू नकोस. संपलं. पंधरा सेकंदांचं काम.

आमच्या ऑफिसात या पंधरा सेकंदांसाठी तीन आठवडे गेले आणि एका म्हाताऱ्या माणसाच्या कपाळाला टेंगूळ आलं. ही गोष्ट ज्या बाईंची आहे त्यांना आम्ही लेबलकाकू म्हणायचो.

काकूंचं वय सेहेचाळीस, बाकी आमचं ऑफिस पंचविशीतलं. आम्ही दवाखान्यांतल्या औषधांच्या दुकानांसाठी प्रोग्राम बनवतो. डॉक्टरने लिहून दिलेलं औषध कॉम्प्युटरवर येतं, फार्मासिस्ट गोळ्या मोजते आणि पाकिटावर चिकटवायचं लेबल छापून येतं: नाव, औषध, कधी घ्यायचं, किती घ्यायचं. हे लेबल छापणारा कोड काकूंचा. साहेबांच्या लेखी ते काम बिनमहत्त्वाचं. पडद्यावर रंगीत आलेख फिरवणाऱ्यांना खिडकीजवळच्या खुर्च्या. काकूंना प्रिंटरच्या शेजारी, जिथे गरम हवा येते आणि कागद अडकला की सगळे त्यांनाच हाक मारतात.

काकूंचा एक हट्ट होता. स्वतःच्या कोडमधल्या टिपा त्या पूर्ण वाक्यात लिहायच्या. तीन वर्षांपूर्वी त्यांनी लिहिलेली एक अशी होती: ‘टूडू: लेबलवर सूचनेला एकच ओळ आहे. सूचना लांब असेल तर शेवट छापला जात नाही. दुसरी ओळ देणे. शेवटालाच बहुतेक वेळा ‘किती’ ते लिहिलेलं असतं.’ तेव्हा दवाखाने ‘दिवसातून दोनदा’ एवढंच लिहायचे, ओळीत मावायचं. साहेब म्हणाले, कोणाची तक्रार आहे का? नाही ना? मग पुढे बघू. काकूंनीही ‘पुढे बघू’ मान्य केलं. हे त्या आजही स्वतःला सूट न देता सांगतात.

आता साहेब. साहेबांनी कोड लिहिणं सोडलं त्याला दहा वर्षं झाली, पण रुबाब असा की जणू कॉम्प्युटरचा शोध त्यांच्याच माळ्यावर लागला. त्यांना आकडा हवा असतो. कशाचा, हा प्रश्न दुय्यम. कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि येताना एक भलामोठा टीव्ही घेऊन आले. तो भिंतीवर चढला. त्यावर मुख्य मशीनवरच्या एडिटरची कामांची यादी जोडली आणि वर लाल अक्षरांत आकडा झळकला: ११,४१२.

साहेब टीव्हीखाली उभे राहिले. “बघा. ही आपली लायकी. अकरा हजार कामं अर्धवट! पुढच्या महिन्यात दवाखान्याची माणसं नवीन आवृत्ती बघायला येणार आहेत. त्यांनी हा आकडा बघितला तर?”

“मग टीव्ही काढून ठेवू,” मागून कोणीतरी पुटपुटलं.

काकूंनी हात वर केला. “साहेब, यातली बहुतेक आपली नाहीत. बाहेरच्या कोडमधली आहेत. तेवढं फोल्डर यादीतून वगळलं की आपली पन्नासेक राहतील. ती खरंच करण्यासारखी आहेत.”

“वगळायचं म्हणजे?”

“यादीत दिसणार नाहीत.”

“म्हणजे लपवायची!” साहेबांनी आमच्याकडे असं बघितलं, जणू चोर रंगेहाथ सापडला. “ताई, कचरा गालिच्याखाली ढकलला म्हणजे घर स्वच्छ होत नाही.”

“पण तो कचरा शेजाऱ्यांच्या घरातला आहे.”

“आपल्या प्रोग्राममध्ये आहे ना? मग आपला.”

काकू खाली बसल्या. शेजारून टक्केवारी हसला. टक्केवारी म्हणजे आमच्यातला होतकरू. तो कुठलीही गोष्ट टक्क्यांत सांगायचा. जेवण ऐंशी टक्के झालं, डोकं तीस टक्के दुखतंय. “काकू,” तो म्हणाला, “तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, पण शून्य टक्के उपयोगाचा.”

दुसऱ्या दिवशी मोहीम जाहीर झाली. नाव होतं ‘चलो शून्य’. प्रत्येकाने रोज कामं बंद करायची, जो जास्त बंद करेल त्याचं नाव टीव्हीवर. आणि साहेबांनी एक अट घातली, ज्यात त्यांची सगळी हुशारी सामावलेली होती: एकगठ्ठा पुसायचं नाही, एकेक ओळ उघडून, बघून, हाताने बंद करायची. ‘गुणवत्तेसाठी.’

परक्याने लिहिलेलं, परक्याच्या कोडमधलं काम तुम्ही कसं बंद करणार? ते करणार तर नाहीच. आपल्याला त्यातलं काही कळतही नाही. मग एकच रस्ता उरतो. ती ओळ पुसायची. ओळ गेली की यादीतून काम गेलं. काम जिथल्या तिथे, फक्त त्याची आठवण करून देणारी चिठ्ठी फाडलेली. आम्ही नऊ जण, पदवीधर, डोळ्यांवर चष्मे, दोन आठवडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत जगभरच्या अनोळखी लोकांच्या चिठ्ठ्या फाडत बसलो. लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा निदान भाकऱ्या तरी भाजतो. मी स्वतः बाराशेवर पुसल्या. ‘सुट्टीवरून आलो की बघतो’वाला माझ्याच वाट्याला आला. तो सुट्टीवर असतानाच मी त्याला निकालात काढलं.

काकूंनी एकही पुसली नाही. टीव्हीवर नऊ नावं वर-खाली होत राहिली आणि दहाव्या नावापुढे शून्य.

“काकू, दहा-वीस तरी करा,” टक्केवारी म्हणायचा. “वाईट दिसतं.”

“कोणाला?”

“भिंतीवर.”

“मग भिंतीलाच लाज वाटू दे बाळा,” काकू म्हणाल्या आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढू लागल्या.

दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला लाल आकडा हिरवा झाला. शून्य. टाळ्या, फोटो, केक. टक्केवारीने सगळ्यांत जास्त कामं बंद केली म्हणून त्याला बक्षीस म्हणून चहाचा मग मिळाला. त्यावर साहेबांचंच एक वाक्य छापलेलं. साहेब म्हणाले, “जे जगात कोणालाही जमलं नाही ते आपण दोन आठवड्यांत केलं.” हे मात्र खरं होतं. जगात दुसरं कोणी हा उद्योग करायला धजावलंच नसणार.

काकू केक न खाता निघाल्या. घरी वडील वाट बघत होते.

काकूंचे बाबा अठ्ठ्याहत्तरचे. पूर्वी ते छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, त्यामुळे छापलेल्या अक्षरावर त्यांची श्रद्धा. बोललेलं त्यांना निम्मं ऐकूही येत नाही. त्यांची रक्तदाबाची औषधं जिथून येतात तिथे आमचाच प्रोग्राम चालतो आणि याचा त्यांना भारी अभिमान. पाकीट हातात आलं की दाराशी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवणार: “हे माझ्या लेकीने छापलंय.”

त्या आठवड्यात डॉक्टरने गोळी बदलली होती. रविवारी सकाळी काकू आंघोळ करून बाहेर आल्या तर बाबा स्वयंपाकघराच्या दारात खाली बसलेले, एक हात चौकटीला, कपाळावर आवळ्याएवढं टेंगूळ.

“काय झालं बाबा? पडलात?”

“पडलो नाही. चौकट पुढे आली.”

“चक्कर आली का?”

“रोजच येते आता जरा. नव्या गोळीची असेल, म्हटलं सवय होईल.”

काकूंनी पाकीट आणलं आणि चष्मा लावून लेबल वाचलं. ‘सकाळी उपाशीपोटी एक गोळी, रात्री जेवल्यावर’. एवढंच. पुढे लेबलची कड.

“रात्री किती घेता?”

“एक.”

“एक कुठे लिहिलंय?”

“सकाळची एक लिहिलीय. रात्रीचं वेगळं लिहिलेलं नाही, म्हणजे तेवढीच.” बाबा थोडे चिडले. “छापलंय तसंच घेतो मी. तूच छापतेस ना?”

काकूंनी डॉक्टरांना फोन केला. रात्री अर्धी होती. ‘अर्धी गोळी’ हे शब्द लेबलच्या कडेपलीकडे राहिले होते, कोणत्याच कागदावर न उतरता. आठ दिवस बाबांनी रात्रीची दुप्पट घेतली होती. डॉक्टर म्हणाले, आज रात्री देऊ नका, उद्यापासून अर्धी, घाबरू नका. काकू घाबरल्या नाहीत. त्यांना आपली तीन वर्षांपूर्वीची टीप शब्दन् शब्द आठवली, आणि एक हिशेब: बाबा एकटेच थोडे आहेत. त्या एका औषधाच्या दुकानातून दिवसाला चारशे पाकिटं जातात. बुधवारी नवीन आवृत्ती दाखवायची, मग ती आणखी अकरा दवाखान्यांत जायची. त्याआधी दुसरी ओळ लेबलवर यायलाच हवी.

सोमवारी काकू आमच्या आधी ऑफिसात पोचल्या. आम्ही एकेक करून आत आलो आणि जागीच थिजलो. टीव्हीवर लाल अक्षरांत: ११,३७१.

झालं असं होतं, की दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी मुख्य मशीन बाहेरचा सगळा कोड नव्याने उतरवून घेतं. नेहमीचीच पद्धत, आम्हीच बसवलेली. परक्यांच्या कोडची ताजी प्रत आली आणि तिच्याबरोबर त्यांच्या सगळ्या चिठ्ठ्या, जशाच्या तशा. ‘वेळ मिळाल्यावर’ परत आला. सुट्टीवरचा माणूसही परत आला. नऊ जणांनी दोन आठवडे उपसलेली विहीर एका रात्रीत भरली, आणि आमच्यापैकी एकालाही, होय, एकालाही, हे आधी सुचलं नव्हतं. आम्ही म्हणे तंत्रज्ञ!

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. “कोणी केलं हे? परवा दवाखान्याची माणसं येणार आहेत!”

सगळे एकदम बोलू लागले. फक्त काकू कागदावर वजाबाकी करत होत्या. “आधी अकरा हजार चारशे बारा होती,” त्या म्हणाल्या. “आता अकरा हजार तीनशे एकाहत्तर. एक्केचाळीस कमी आहेत. ती कुठे गेली?”

“ताई, इथे अकरा हजार परत आलीत आणि तुम्ही एक्केचाळीस शोधताय?”

“जी परत आली ती परक्यांची. जी आली नाहीत ती आपली. आपला कोड बाहेरून कोणी नव्याने आणत नाही साहेब. तो आपण पुसला की पुसला.”

साहेबांना मात्र त्यातलं एकच वाक्य ऐकू आलं. “म्हणजे ती तुमची वगळायची ओळ टाकली, तर आता यादीत काहीच उरणार नाही?”

“काहीच नाही.”

“शून्य?”

“शून्य.”

“मग टाका की! दोन आठवडे का बोलला नाहीत?”

माझ्या शेजारचा खाली वाकून बुटाची लेस बांधू लागला. त्याच्या बुटाला लेस नव्हती.

काकूंनी ओळ टाकली. पंधरा सेकंद. टीव्हीवर हिरवं शून्य आलं आणि साहेबांनी खरोखरच टाळ्या वाजवल्या. तीच ओळ, तीच बाई, तोच गालिचा. फक्त आता आकडा साहेबांच्या बाजूचा होता.

“आता दुसरं काम,” काकू म्हणाल्या. “आपली एक्केचाळीस मी परत आणते. त्यातलं लेबलचं आजच करते. माझ्या वडिलांनी आठ दिवस रात्रीची गोळी दुप्पट खाल्लीय.”

“वडील बरे आहेत ना? मग झालं तर. बुधवारपर्यंत कोडला हात नाही आणि भिंतीवर शून्यच राहील. नंतर बघू.”

“तीन वर्षांपूर्वीही तुम्ही हेच म्हणाला होतात. मीही ऐकलं होतं.”

“मग आताही ऐका,” साहेब म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

काकूंनी ऐकलं नाही. कोडमध्ये केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद राहते. कोणी, कधी, कुठली ओळ काढली, सगळं मिनिटासकट. त्यांनी एक्केचाळीस ओळी तिथून शोधल्या आणि मंगळवारी संध्याकाळी साहेब गेल्यावर एकेक करून जागच्या जागी ठेवल्या. लेबलची दुसरी ओळही लिहून, प्रिंटरवर तपासून बाजूला तयार ठेवली. साहेबांच्या मंजुरीशिवाय ती नव्या आवृत्तीत जाणार नव्हती. बुधवारी सकाळी टीव्हीवर आकडा होता एक्केचाळीस, आणि तो साहेबांच्या लक्षात आला तेव्हा दवाखान्याच्या मुख्य फार्मासिस्ट बाई दारात उभ्या होत्या.

साहेब आलेखांचं कौतुक करत होते. बाईंचं लक्ष भिंतीवर. “ते एक्केचाळीस काय आहे?”

“काही नाही, ते आपलं अंतर्गत—”

“आमची राहिलेली कामं,” काकू प्रिंटरजवळून म्हणाल्या. “नववं वाचू का? लेबलवर लांब सूचनेचा शेवट छापला जात नाही.”

बाईंनी हातातली पर्स टेबलावर ठेवली. “अहो, ते तुम्हाला माहीत होतं? चार महिने माझ्या हाताखालच्या मुली प्रत्येक पाकिटावर पेनाने उरलेलं लिहितायत! गर्दी झाली की राहून जातं. आम्हाला वाटलं, तुमच्या प्रिंटरला एवढंच जमतं.”

“तुम्ही तक्रार का नाही केली?” साहेबांनी विचारलं.

“केली. चारदा. तुमच्याकडून उत्तर आलं, यादीत नोंद घेतली आहे.”

काकूंनी नवीन लेबल छापून बाईंच्या हातात दिलं. दोन ओळी, शेवटचा शब्द ‘अर्धी गोळी’. बाई म्हणाल्या, हे आहे ना, मग हेच द्या, आलेख नंतर बघू. साहेबांनी तिथल्या तिथे मंजुरी दिली आणि वर पुस्ती जोडली, “म्हणून तर आम्ही ही यादी भिंतीवर लावतो.” असल्या माणसाला लाज विकत आणून दिली तरी तो ती भिंतीवरच लावेल.

शुक्रवारपर्यंत नवीन लेबलं बारा ठिकाणी छापली जात होती. बाबांना पहिलं पाकीट मिळालं तेव्हा त्यांनी भिंग घेऊन दोन्ही ओळी तपासल्या आणि दोन ओळींमधली जागा किंचित जास्त आहे एवढी चूक काढली.

गोष्ट इथे संपली असती, पण काकूंच्या डोक्यातून कोडमधल्या बदलांची ती नोंद जात नव्हती. त्या एक्केचाळीस ओळी एकाच माणसाने पुसल्या होत्या, मोहिमेच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी, शर्यतीत वर राहण्यासाठी. अटीप्रमाणे एकेक करून, प्रत्येकीपुढे ‘पूर्ण केलं’ असा शेरा मारून. टक्केवारीने. एक ओळ, मिनिटभर, पुढची ओळ, मिनिटभर, पुढची. फक्त एका ठिकाणी मध्ये चार मिनिटं गेली होती. काकूंची टीप उघडली तीन वाजून अकरा मिनिटांनी. पुसली तीन पंधराला.

काकूंनी त्याला चहाच्या मशीनपाशी गाठलं. बक्षिसाचा मग त्याच्या हातात होता, साहेबांचं वाक्य आमच्या बाजूला.

“मी रागावले नाहीये,” त्या म्हणाल्या. “साहेबांनाही सांगणार नाही. चार मिनिटं होती. चहा घ्यायला उठला होतास का?”

“आठवत नाही काकू.”

“फोन आला होता का?”

“खरंच आठवत नाही.”

“किती टक्के आठवत नाही?”

तो हसला नाही. त्याने चहा न घेता मग धुतला, पुसला आणि जाऊन आपल्या जागी बसला. आता तो टक्के बोलत नाही. टीव्हीवर आकडा एकोणचाळीस आहे, उतरतोय हळूहळू, कारण आता कामं खरोखर करावी लागतात. काकू प्रिंटरजवळच बसतात. अधूनमधून, कागद ओढता ओढता, त्या मान वर करून त्याच्या पाठीकडे बघतात, आणि त्यांना अजून एवढंच जाणून घ्यायचंय: ती ओळ त्याने वाचली, कळली आणि मग पुसली, की चार मिनिटं ती नुसती पडद्यावर उघडी होती आणि समोर कोणीच नव्हतं?